दर तासाला दहा श्वास

ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस होता आणि सकाळपासून अंग कढत लागत होतं. मी कपाळाला हात लावला की हे तो बाजूला करायचे. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही आदल्या दिवशी असाच ताप चढला होता. छातीत कफ साठला म्हणून त्याला पुन्हा आत नेलं, मशीनवर ठेवलं. त्याची खाट रिकामी होती. मी तिकडे पाठ करून बसले होते.

कफ साठू नये म्हणून ह्यांना प्लास्टिकचं एक खेळण्यासारखं यंत्र दिलं होतं. तीन खणांत तीन गोळे आणि एक नळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की गोळे वर चढतात. श्वासाचे व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सांगून गेली होती, जागे असाल तोवर दर तासाला दहा वेळा. "माताजी, आप करवाइएगा," असं माझ्याकडे बघून म्हणाली. मी मान हलवली. परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. ह्या हिंदी मुलखात, रामघाटावर, तीस वर्षं संसार केला, पण दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी बोलायचे ते हेच.

हे वेदपाठशाळेत शिकवतात. पहिल्या दिवशी यंत्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "मुंज झाल्यापासून प्राणायाम करतोय. ही कालची पोर मला श्वास शिकवणार."

मग त्यांनी स्वतःच वेळा ठरवल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. खाटेवर बसून मनातल्या मनात संध्या करायची आणि तिला जोडून दहा श्वास. मध्ये काही नाही. जेवल्यावर तर मुळीच नाही, भरल्या पोटी प्राणायाम करत नाहीत.

"अहो, ती तासातासाला म्हणाली."

"तिला काय कळतंय."

मला तरी काय कळत होतं, चौथीपर्यंत शिकलेली मी. खोकायलाही हे तयार नसत. उशी छातीशी दाबून धरली तरी टाके ओढतात म्हणायचे.

त्या दिवशी छातीचा फोटो काढला. थोड्या वेळाने ती मुलगी आली.

"पंडितजी, बाईं तरफ नीचे फेफड़ा खुल नहीं रहा. हर घंटे करते हैं न?"

"करते हैं," हे म्हणाले.

ह्यांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मुलीने ते कागदावर लिहिलं. "तब तो डॉक्टर साहब से दवा बदलने को कहती हूँ," म्हणाली आणि वळली.

"तीन बार," मी म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. मी खाटेची दांडी धरली. "दिन में तीन बार करते हैं. खाने के बाद नहीं करते. मैंने भी नहीं करवाया."

ती परत आली आणि स्टुलावर बसली. "पंडितजी, कफ तो मुहूर्त देखकर नहीं जमता."

ती गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आता सगळ्या वॉर्डाला सांगून ये."

दुपारी ह्यांनी दलिया खाल्ला, चूळ भरली. मी नळी धुऊन पुसून पुढे धरली. आज नाही घेतली तर उद्या ही खाटही रिकामी होईल, एवढंच डोक्यात होतं. ह्यांनी शेजारच्या रिकाम्या खाटेकडे बघितलं, मग नळी घेतली.

एक गोळा वर गेला. दुसरा नुसता हलला. सातव्या श्वासाला यंत्र खाली ठेवलं.

"पुरे."

"सात झाले."

"मोजतेस होय?"

"हो. तीन राहिले."

तीन घेतले. मी उशी छातीवर दाबून धरली आणि हे खोकले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. थोडा कफ पडला.

संध्याकाळी पारा सकाळइतकाच होता. नर्सने आकडा टिपून घेतला. मी घड्याळ दिसेल अशी बसले आणि पुढचा तास भरायची वाट बघत राहिले.