एकादशीचं पाणी

त्या वर्षी होळीच्या तीन दिवस आधी मी जुनं आणि नवं अशी दोन्ही कॅलेंडरं जमिनीवर पसरली आणि अख्ख्या हिवाळ्याच्या सरावाचा आढावा घ्यायला बसले. अंधेरीतला हिवाळा तो काय, आई गॅलरीत मफलर बांधून चहा पिते तेवढे दोन महिने. पण मी दिवाळीपासूनचे चार महिने जराही फुकट घालवले नव्हते. लाल पेन्सिल म्हणजे सायकल, हिरवी म्हणजे धावणं, निळी म्हणजे खाडीत पोहणं. निळ्या खुणा मोजून नऊ होत्या. पहिलीखाली चाळीस मिनिटं, शेवटचीखाली सव्वीस. मला इतका आनंद झाला की मी आईला चुलीवरचं सोडून बोलावलं. चूल कसली, स्टोव्ह; पण आई त्याला चूलच म्हणायची.

आमच्या भागातल्या एका व्यायामशाळेनं तिहेरी शर्यत सुरू केली होती. ट्रायथलॉन हा शब्द आम्हाला फार नंतर कळला. वर्सोव्याला खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं, पोहत आत धक्क्यापर्यंत यायचं, मग सायकलनं आरे कॉलनीपर्यंत जाऊन परत, शेवटी वाळूत धावणं. पाऊण तासात धक्का गाठला नाही तर होडीवाले उचलून नेत. आदल्या वर्षी मला उचललं होतं. धक्का दिसत होता, वेळही थोडा उरला होता, पण मी दोन घोट पाणी प्यायले आणि ते बघून धक्क्यावरून आईच ओरडली, काढा तिला. दोघांनी मला दंडाला धरून गोणीसारखं वर घेतलं. मी आईशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी तिनं निकाल दिला, "फुडल्या खेपेक होडयेत बसान इलंस तर सायकल गावाक धाडतलंय." सायकल बाबांची. गिरणी बंद पडल्यावर ते गावी गेले आणि सायकल माझ्याकडे आली. आई बोलते ते करते, त्यामुळे मला चांगलाच घाम फुटला होता.

आता निळ्या खुणा नऊच का? व्यायामशाळेतल्या सरांनी बजावलं होतं, पाण्यात रिकाम्या पोटी उतरायचं. आणि आमच्या घरातून रिकाम्या पोटी कोणी बाहेर पडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तांदळाची भाकरी, नाहीतर पेजेचा वाडगा, हे पोटात गेल्याशिवाय आई दाराची कडी काढायची नाही. सायकल आणि धावणं मी ढेकर देत देत केलं. पोहण्याला मात्र एकच दिवस सापडला, एकादशी. त्या दिवशी आईचा उपास, माझाही उपास, चूल थंड. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, घाटकोपरला. एकादशीला दुपारची पाळी मागून घ्यायची आणि सकाळी साडेसहाला वर्सोव्याच्या पाण्यात. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

त्याच खुशीत कॅलेंडरची सुरळी काखेत मारून मी वर्सोव्याला गेले. तिथे एक कोळीणमावशी बोंबील वाळत घालायची. मी पोहायची तेव्हा माझे कपडे ती सांभाळायची आणि तिचा नवरा माझ्या बाजूनं होडी वल्हवायचा. मावशीला अक्षरं येत नव्हती, पण कॅलेंडरवरचे चंद्र तिला बरोबर कळायचे. निळ्या खुणांवरून बोट फिरवत ती थांबली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अगो बाय, सगळ्या एकादशीच हायेत की. तू कुठं पोवलीस गो? पाण्यानं आणून सोडली तुला."

मग तिनं बोटांच्या पेरांवर मला गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे प्रत्येक एकादशीला सकाळी सव्वाआठला पूर्ण भरती, आणि साडेसहाला पाणी समुद्रातून आत धावत असतं. मी त्याच्या पाठीवर बसून नऊ वेळा धक्क्यावर आले होते. शर्यत होती रंगपंचमीला, सकाळी सातला. पाचाची पाऊणपट मी स्वतःच केली. पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे सातला सणसणीत ओहोटी, सगळं पाणी तोंडावर. वाट लागली.

मी तिथेच बोंबलांच्या शेजारी बसून रडले. सायकल डोळ्यांसमोरून गावच्या एसटीच्या टपावर चढताना दिसली. मावशीनं रडू दिलं आणि मग नवऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, "मध्ये कशाला मरायला जातेस? चिखलाच्या कडेनं ये. तिथं पाणी ढिलं."

आठ दिवस उरले होते. आता ओहोटी दुपारची होती, म्हणून मी सकाळची पाळी घेतली. राहिला प्रश्न आईचा. मी तिला खरं काय ते सांगितलं, नऊ एकादश्यांसकट. ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "दुपारचा जेवान चुकवचा नाय. मी डबो घेवन येतंय." आणि खरंच रोज यायची. मी पाण्यात, आई धक्क्यावर मांडीत डबा घेऊन, शेजारी मावशी. पहिल्या दिवशी मी अर्धा तास हातपाय मारले आणि जिथे होते तिथेच राहिले. एका बांधलेल्या होडीचा लाल रंग मला पाठ झाला. चौथ्या दिवशी ती होडी मागे पडली. सातव्या दिवशी मी धक्क्याला हात लावला. घड्याळ बघायचं आम्ही तिघी विसरलो.

रंगपंचमीला शर्यतीतली बाकीची मुलं मधल्या धारेत पडली आणि मी चिखलाच्या कडेनं, बेडकीसारखी. पाणी घाण, वास असा की विचारू नका, पण ढिलं. धक्का दिसायला लागला तेव्हा हात गळाले होते. पुन्हा दोन घोट पोटात गेले, जवळजवळ त्याच जागी. व्यायामशाळेची होडी सरकत जवळ आली, एकानं वाकून हात पुढे केला आणि धक्क्यावर आईकडे बघितलं. गेल्या वर्षीची ओरड त्यालाही आठवत असणार. मीही बघितलं. आई उभी होती, डबा छातीशी.

"रवांदे," ती म्हणाली. "येतला ता."

राहू दे, येईल ती, असं आईच म्हणत होती; मला काय झालं कोण जाणे. रडू आलं, हसू आलं, आणि हात चालायला लागले. पाऊण तासाला दोन मिनिटं बाकी असताना मी धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीला मिठी मारली.

वर चढले, सायकलकडे धावले. सायकलच्या हँडलला धरून आई उभी. डब्याचं झाकण उघडं.

"आई, शर्यत चालू आहे गं."

"म्हायत आसा. रिकाम्या पोटान खंय चललंस?"

चिंब अंगानं, उभ्या उभ्या मी अर्धी भाकरी खाल्ली. तेवढ्यात तीन जण माझ्या पुढून निघून गेले. मग आईनं हँडलवरचा हात काढला.