मास्तरांचा सुवर्णकाळ

आमच्या शिवणकारखान्यातल्या कटिंग मास्तरांना बायका पाठीमागे ‘सुवर्णकाळ’ म्हणायच्या. स्पीकर त्यांच्या टेबलावर असायचा आणि गाणी तेच लावायचे. सगळी जुनी, संथ. अख्ख्या कारखान्यात त्यांच्या मर्जीनं चालणारी तेवढी एकच गोष्ट होती, म्हणून मिजास केवढी!

“आजकालच्याला गाणं म्हणता? पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवले की झालं!”

कॉलर शिवणारी काकू ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. “मास्तर, तुमच्या काळात फालतू गाणी नव्हतीच होय? माझा बाप लावायचा, आम्ही कान झाकून बसायचो. ती सगळी मेली, बरी तेवढी उरली. स्वतः गाळलेला चहा प्यायचा आणि आमच्या चोथ्याला नावं ठेवायची!”

“ऐकायला कान लागतात.”

“आहेत की दोन. मशिनीनं अर्धे खाल्लेत.”

काकूचंच खरं होतं. पण माझं डोकं फिरायचं ते वेगळ्याच गोष्टीवरून. मालकानं संडासाला कुलूप लावलं, मास्तर गप्प. बाळंतिणीला घरी बसवलं, मास्तर गप्प. मी संघटनेचं पत्रक हातात दिलं, तर त्याच कागदानं कात्रीचं तेल पुसलं! सुरांसाठी डोळ्यांत पाणी आणि शेजारच्या बाईसाठी मान खाली. असल्या रसिकतेला काय चाटायचंय?

मग मालकाचा जावई कारभार बघायला आला. गाणं उडतं असलं की बायकांचे पाय ठेक्यावर पायडल दाबतात, हे त्या लबाडानं चटकन हेरलं. “मास्तर, आजपासून फक्त नवी, फास्ट गाणी. जमत नसेल तर स्पीकर ऑफिसात नेतो.”

मास्तरांनी तोंड पाडून गाणी बदलली. आम्ही खुळ्या, टाळ्या पिटल्या! आठवडाभरात कंबरा धरल्या, मनगटं सुजली. पाय उचलावा तर ठेका सोडेना, आणि वाढलेले पीस हाच रोजचा कोटा झाला.

शेवटी काकूच उठली. “मास्तर, लावा बाई तुमचं ते रडकं.”

मास्तर विरघळले. “झाले! शेवटी कान तयार झाले तुमचे!”

“झाले ना. लावा लवकर.”

संथ गाणं सुरू झालं, मशिनी मंदावल्या, तसा जावई धावत आला. “बंद करा ते!”

“नाही करणार,” मास्तर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा. “तुम्हाला सुरातलं काय कळतं?”

“सूर घाला चुलीत. पीस कमी निघतायत.” त्यानं वायरीला हात घातला. मास्तर मधे उभे राहिले. जागचे हलले नाहीत. काकूनं मशीन बंद केली, मग तिच्या शेजारणीनं, मग सगळ्यांनी. कारखान्यात नुसतं गाणं वाजत राहिलं. जावयानं आमच्याकडे बघितलं, वायर सोडली आणि “उद्या बघतो एकेकीला” म्हणत निघून गेला.

मास्तर घाम पुसत आमच्याकडे वळले. “बघितलंत? खऱ्या संगीतात ही ताकद असते!”

माझ्या तोंडावर आलं होतं, की गाढवा, ही ताकद बंद मशिनींची आहे. काकूनं माझा दंड दाबला.

“राहू दे गं. उद्याही त्यालाच मधे उभं राहायचंय.”

मी राग गिळला आणि म्हटलं, “मास्तर, आवाज वाढवा जरा.”