पहिला धडा गावाचा

मासू पोटावी नवं पुस्तक उघडत नसे. शाळेत पुस्तकांचा गठ्ठा आला की आम्ही त्यावर तुटून पडायचो. कोणी वास घ्यायचं, कोणी चित्रं शोधायचं, कोणी पहिल्या पानावर आपलं नाव खरडायचं. मासू आपलं पुस्तक दोन्ही हातांनी घ्यायचा, धुतलेल्या फडक्यात बांधायचा आणि खुंटीला टांगून ठेवायचा. शनिवारी शाळा सुटली की ते गाठोडं पोटाशी धरून जंगलातल्या आपल्या गावाला जायचा, सोमवारी परत यायचा, आणि मग तेच पुस्तक टाटपट्टीवर चारचौघांसारखं उघडून बसायचा. मला वाटायचं, याला वाचता येत नाही म्हणून ही सोंगं.

पन्नास सालानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता, गडचिरोली त्यातच होतं. चामोर्शीच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथल्या एका गावात माझे बाबा मास्तर होते. चारही वर्ग एकाच खोलीत भरत. मी तिसरीत होते आणि मासूही तिसरीत होता, पण त्याला मिसरूड फुटायला लागलं होतं. त्याच्या गावात शाळा नव्हती. गावानं बसून ठरवलं की आपल्यातल्या एका पोरानं तरी वाचायला शिकलं पाहिजे, आणि मासूला पाठवून दिलं. तो आमच्या घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, राहायचा. त्याचे तांदूळ गावातून यायचे, पाळीपाळीनं एकेका घरचे.

तो सगळ्यांना 'तू' म्हणायचा. मला, आईला, बाबांनासुद्धा. "गुरुजी, तू जेवला का?" असं त्यानं विचारलं की आईच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण हाच मासू बसलेल्या माणसाला कधी ओलांडून जात नसे. दोन माणसं बोलत उभी असली तर मधून घुसायचा नाही, लांबून वळसा घालायचा. मग ती दोन माणसं म्हणजे मी आणि माझा शेंबडा धाकटा भाऊ का असेना. आई म्हणायची, "तोंडानं अडाणी आहे, बाकी आपल्या पोरांहून बरा." आईकडून एवढी स्तुती आम्हाला जन्मात मिळाली नाही.

एकदा मी त्याला चिडवायला गेले. "काऊन रे मासू, वाचता येत नाई म्हणून टांगून ठेवते का?"

तो रागावला नाही. उलट मलाच विचारू लागला, "तुमच्यात नवा आंबा पयले कोन खाते?"

"ज्याच्या हाती लागला तो."

त्यावर तो इतका हसला की मलाच लाजल्यासारखं झालं. मग म्हणाला, "आमच्यात पंडुम होते. नवं फळ, नवं धान पयले देवाले दाखवाचं, मेलेल्या बुढ्यायले दाखवाचं. मंग सारं गाव संगं बसून खाते. तोवरी झाडाखाली पडला असन तरी तोंडात घालाचा नाई."

"पण पुस्तक काय आंबा आहे?"

"मी गावाच्या तांदळावर शिकून राह्यलो. पयला धडा त्यायचा."

"असं तुला कोणी सांगितलं?"

"कोनी नाई. मलेच वाटलं."

पुढे एका दिवाळीच्या सुटीत बाबा मला त्याच्या गावी घेऊन गेले, तेव्हा हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. झाडाखाली म्हातारी माणसं, बाया, कडेवरची पोरं, सगळी बसली होती. मासू उंटाचा धडा वाचत होता. एक वाक्य मराठीत वाचायचा, मान वर करून सगळ्यांकडे पाहायचा, मग त्याचा अर्थ गोंडीत सांगायचा. कोणाच्या चेहऱ्यावर शंका दिसली की पुन्हा मागे जायचा. सगळ्यांत पुढे गावचा पाटील बसला होता. वय झालेला, एका कानानं कमी ऐकणारा, म्हणून दुसरा, चांगला कान पुस्तकाकडे करून. धडा संपल्यावर त्यानं काहीतरी विचारलं आणि सगळे हसले. मासूनं आम्हाला सांगितलं, "पाटील म्हनते, पान्याबिगर इतका चालते त उंट आमच्या सुनायले दाखवा, नाल्यावरून घागर आनाले कुरकुर करतेत." बाबा परतताना वाटभर त्याच आनंदात होते. मला शहरातल्या शाळेत इतके चांगले विद्यार्थी मिळाले नसते, असं काहीतरी बोलत होते.

मी भराभर वाचायची आणि त्याची मला घमेंड होती. मासू म्हणायचा, "शांता, तू हरनावानी पयते. वाचत नाई." मी म्हणायची, तू गोगलगाय आहेस. तो म्हणायचा, "वाचाले समोर मानूस पाह्यजे. त्याच्या डोयात पाहाचं, त्याले समजलं का नाई. नाई समजलं त वाचलं कायले?" मनातल्या मनात वाचणं ही गोष्ट त्याला कधी पटलीच नाही. मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात एकटी बसले की तो विचारायचा, तुझं कोणाशी भांडण झालं का?

पुढे काय होणार, हे त्याचं ठरलेलं होतं. आम्हा पोरांच्या बोलण्यात कोणी तहसीलदार व्हायचं, कोणी डॉक्टर व्हायचं. मासू म्हणायचा, "मी गावचा वाचनारा होईन." त्यांच्याकडे जंगल खात्याचा माणूस यायचा, कागद वाचून दाखवायचा आणि अंगठे घ्यायचा. "तो वाचते, आमी मान हालवतो. त्यानं खरं वाचलं का खोटं, कोन पाहाते? मी बाजूले बसीन. म्हनीन, भाऊ, दे इकडं, मी वाचतो." हे बोलताना त्याचा आवाज चढत नसे. पण बाबा सांगायचे, एवढ्यासाठी चौथी पुरणार नाही; सरकारी कागद वाचायचे तर निदान मिडलची वरची शाळा तरी झाली पाहिजे. आणि मिडल म्हणजे चांद्याला जाणं आलं.

आम्ही चौथीत गेलो तेव्हा चांद्याला जंगलातल्या मुलांसाठी वसतिगृह निघालं होतं. आमच्या भागातून एका मुलाला तिथं जागा मिळणार होती आणि मुलगा निवडणार होते डिप्टीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. बाबांनी मासूची अशी तयारी करून घेतली की बस्स. हिशोब, नकाशा, जुनं पुस्तक, सगळं. तो नक्की जाणार, याबद्दल आमच्या घरात कोणाला शंका नव्हती. आईनं त्याच्यासाठी एक जुनी सतरंजीसुद्धा काढून ठेवली होती.

साहेब वाईट नव्हते, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. पावसानं वैनगंगा भरून डोंगे बंद पडले होते, म्हणून रखडलेली नवी पुस्तकं पूर ओसरताच त्यांनी स्वतःच्या दमणीत घालून आणली होती. बैलगाडीतून हाडं खिळखिळी होऊन आलेला माणूस, पण आल्याबरोबर हसून म्हणाला, "घ्या, आता अभ्यास न करायला निमित्त उरलं नाही." गठ्ठा तिथंच सोडला, वरचं पुस्तक काढलं आणि मासूपुढे धरलं. "कुठलंही पान काढ आणि वाच."

मासूनं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि तसाच उभा राहिला.

"साहेब, जुनं दे. जुन्यातलं कोनतंबी वाचतो. हे अजून गावाले वाचून दाखवलं नाई."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी सगळं समजावून सांगितलं. पंडुम सांगितला, तांदूळ सांगितले, उंटाचा धडाही सांगितला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजी, भावना चांगली आहे. पण चांद्याला याच्या हातात रोज काहीतरी नवीन पडेल. दर वेळी हा गावाला पळणार का?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत मासू म्हणाला, "जाईन. अन् वापस येईन."

पोरं हसली. साहेबही हसले. "बरं, आजच्यापुरतं वाच. एक पान. मी तुझं नाव लिहून टाकतो."

मासूनं पुस्तक उघडलं नाही. बाबा उठून त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "वाच ना बापू. एका पानानं काय होते? गावाले कोण सांगायला जाणार आहे?"

"मंग तिथी जाऊन पयला धडा म्हून कसा वाचू, गुरुजी? त्यायले खोटं सांगू?"

बाबांनी त्याच्या थोबाडीत मारली. माझ्या बाबांनी तोवर कोणत्याच पोरावर हात टाकला नव्हता, छडीसुद्धा फळ्यावर दाखवण्यापुरती वापरायचे. मासूनं गालाला हातही लावला नाही, कारण दोन्ही हातांत पुस्तक होतं. साहेब घाईघाईनं म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, गुरुजी," आणि पुढच्या मुलाला बोलावलं. जागा दुसऱ्या शाळेतल्या कोणाला तरी मिळाली.

शनिवारी मासू गावी गेला. आम्हाला वाटलं, आता परत यायचा नाही. सोमवारी तो नेहमीच्या वेळेला आला, आपल्या जागेवर बसला, पुस्तक उघडलं आणि बाबांना म्हणाला, "गुरुजी, आता वाचू?" बाबा फळ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि तो वाचत राहिला. इतकं स्वच्छ, इतकं समजून कोणी वाचलेलं मी त्यानंतर आजतागायत ऐकलेलं नाही. बाबांनी त्याची माफी मागितली नाही. मास्तरानं पोराची माफी मागायची तेव्हा रीत नव्हती. चौथी पास होऊन उन्हाळ्यात मासू कायमचा घरी गेला, आणि सतरंजी आईनं परत पेटीत ठेवली.

बाबांना ते लागून राहिलं. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले. त्यांच्याकडे बाबांनी इतके खेटे घातले की शेवटी ते कंटाळून म्हणाले, वय थोडं जास्त असलं तरी चालेल, आणा तुमच्या पोराला. बाबा त्याच आनंदात दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले आणि मी हट्टानं त्यांच्यामागे गेले.

गावानं आम्हाला झाडाखाली बसवलं, पाणी दिलं. बाबांनी बातमी सांगितली. पाटील गोंडीत बोलू लागला आणि मासू उभा राहून एकेक वाक्य आम्हाला मराठीत सांगू लागला, अगदी धडा वाचावा तसा.

"पाटील म्हनते, मासूले घेऊन जा. गाव अडवत नाई."

बाबांचा चेहरा फुलला.

"पाटील म्हनते, चामोर्शीच्या बाजारात आमाले समजलं. आमच्यापायी पोराची जागा गेली, आमच्यापायी त्यानं मार खाल्ला. आमी त्याले कवा मांगतलं नवतं, आमाले पयले वाचून दाखव म्हून." पाटलानं त्याला पुढे बोलायची खूण केली. "म्हनून गावानं बसून ठरवलं. मासूचं वाचन मासूपाशी. गाव आता ऐकाले बसत नाई. जंगलवाला कागद घेऊन आला तरी मासूले बलावत नाई. त्याच्या मागं आमचं ओझं नोको."

बाबा कासावीस झाले. "अरे, त्यांना सांग, माझं तसं म्हणणं नव्हतं. तू सुटीत येशील, तेव्हा वाचशील. त्यांना ऐकायला सांग."

मासूनं तेही गोंडीत सांगितलं. पाटील नाही नाही म्हणून मान हलवत राहिला. सगळ्या गावानं मिळून ठरवलेलं एकट्या पाटलाला मोडता येत नाही, असं मासूनंच आम्हाला समजावलं. त्या म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते, ऐकायची सगळ्यांत जास्त हौस त्यालाच होती. आपण पोराला मोकळं केलं, असंच त्या भल्या माणसांना वाटत होतं.

मी पुढे शिकले, मास्तरीण झाले, जन्मभर पोरांना वाचायला शिकवलं. मला या सगळ्यांचा राग येतो. साहेबांचा येतो, बाबांचा येतो, त्या म्हाताऱ्यांचा येतो, आणि मासूचा तर सगळ्यांत जास्त येतो. एक पान वाचलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी अजून मनाशी भांडते. आणि भांडताना दर वेळी मला कळतं की यातल्या एकालाही त्याचं वाईट करायचं नव्हतं. त्या दिवसानंतर मासू मला कधी भेटला नाही.

त्या दिवशी परतताना तो आम्हाला नाल्यापर्यंत पोचवायला आला होता. बाबांनी विचारलं, "सामान कुठं आहे तुझं?"

"मी येत नाई, गुरुजी."

बाबांना वाटलं, तो अजून त्या मारावर रुसला आहे. भर उन्हात, माझ्यादेखत, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यापुढे हात जोडले. म्हणाले, "माझं चुकलं, मासू. पण त्यापायी स्वतःचं नुकसान करू नको. गावानं तुला मोकळं केलं आहे. चांद्याला चल. तिथं कपाटं भरून पुस्तकं आहेत. वाच, लागेल तितकं वाच."

मासूनं पुढे होऊन बाबांचे जोडलेले हात सोडवले. तो अजिबात रागावलेला नव्हता. एखादा धडा खरंच समजला नाही म्हणजे तो जसा विचारायचा, तसं त्यानं विचारलं,

"कोनाले?"