आखूड रेघ

छापलेल्या पानावर पोलादी पट्टी उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "बरोबरखाली बरोबर यायला पायजे, सर." जव्हारच्या बाजारातल्या छापखान्याचे चाचा गणित असं तपासत. शिक्षण सातवीपर्यंत. समीकरण सोडवता येत नसे, पण एक पायरी वरच्या पायरीपासून केसभर सरकली तरी त्यांना चैन पडत नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी खोडाळ्याच्या आश्रमशाळेत गणित शिकवायचो. प्रश्नपत्रिका चाचांकडेच छापायच्या. अक्षरजुळणीचे शिशाचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आला, तेव्हा पडद्यावर सरळ दिसणारी बरोबरची चिन्हं कागदावर वाकडीतिकडी उतरू लागली. चाचा दोन दिवस त्यावर बसले. शेवटी त्यांनी तीन रकान्यांचं कोष्टक केलं, चिन्ह मधल्या रकान्यात टाकलं आणि कोष्टकाच्या रेघा लपवल्या. "आता जातंय कुठं पळून!" म्हणाले आणि मला भजी खाऊ घातली.

एकदा ते जीप पकडून थेट शाळेत आले. हातात मी लिहून दिलेली प्रश्नपत्रिका. "सर, दोन एक्स अधिक तीन, खाली पाच, बरोबर तीन. पण रेघ दोन एक्सखालीच संपते. अधिक तीनच्या खाली न्यायची का?"

शाळेत तपासणीचे साहेब आलेले. मी कागदाकडे न बघताच म्हणालो, "लिहिलंय तसं छापा हो."

परीक्षेत त्या गणिताचं उत्तर सहा यायला हवं होतं, ते शून्य येऊ लागलं. शून्य कसं असेल, म्हणून मुलांनी खोडून खोडून कागद फाडले. नेहमी पहिली येणारी मुलगी रडत वर्गाबाहेर गेली. मी तडक जव्हार गाठलं आणि चार गिऱ्हाइकांदेखत चाचांना बोललो, "गणित कळत नाही, तर काम घेता कशाला?"

चाचांनी मान खाली घातली. "चुकलं, सर." आपण विचारायला आलो होतो, हे त्यांनी काढलंसुद्धा नाही.

दिवाळीच्या सुटीत कपाट आवरताना, छापील गठ्ठ्याबरोबर परत आलेला माझा तो कागद हाती लागला. रेघ आखूडच होती, माझ्याच हातची. शेजारी त्यांनी पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढलेलं. मग सगळं आठवलं.

माफी मागायला गेलो. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला. मी स्नेहसंमेलनाच्या पत्रिकांचे नमुने चाळले, चहा प्यायलो आणि उठलो. पुढे शाळेतच कॉम्प्युटर आला आणि जाणं सुटलं.

काही वर्षांनी मन घट्ट करून पुन्हा गेलो. दुकानात त्यांची मुलगी होती.

"अब्बा गेल्या रमजानमध्ये वारले, सर. तुमचं काही काम होतं का?"

"नाही," मी म्हणालो, "सहज आलो होतो."