तिचं माप तिनेच घेतलं

नवरात्राला तीन-चार आठवडे उरले की आमच्या बडोद्यात घरोघरी एकच विषय असतो, चनियाचोळी. घागऱ्याला इथे चनिया म्हणतात. त्यावर चोळी, त्यावर ओढणी. आम्ही मराठी, घरात घट बसतात, रोज माळ चढते, पण संध्याकाळ झाली की आमच्याही पायांना गरबाच लागतो. माझे सासरे संस्थानच्या कचेरीत होते, तेव्हापासून हे असंच चालत आलंय. माझी नात तर चार वर्षांची असल्यापासून सोसायटीच्या गरब्यात. आरती झाली की पहिला अर्धा-पाऊण तास फक्त मुलांचा असतो, आणि तेवढा वेळ ही पोर आमच्यापैकी कुणाचीही नसायची. हाक मारली तरी वळून बघायची नाही.

त्या वर्षी तिला बारावं लागलं होतं. उन्हाळ्यात एकदम उंच झाली. आणि पावसाळ्यापासून तिने एक नवीनच सुरू केलं. इथे मुली दुचाकीवर ऊन लागू नये म्हणून पातळ सुती जाकीट घालतात ना, तसलं आईचं एक जाकीट तिने घेतलं आणि ते अंगावरून काढेचना. शाळेतून आली तरी अंगात. जेवताना अंगात. मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी पंखासुद्धा गरम वारा टाकतो, आणि ही गळ्यापर्यंत चेन ओढून बसलेली. खांदे पुढे, पाठ वाकलेली. मी म्हणायची, “सरळ बस गं, कुबड येईल.” आता आठवलं की वाटतं, जरा गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

सुनेने तिच्यासाठी एका प्रदर्शनातून चनियाचोळी आणली. सून ऑफिसला जाते, तिला बिचारीला वेळ कुठला, जाता-येता जे दिसलं ते हौसेने घेतलं. चनिया सुंदर होता. चोळी मात्र वीतभर. मागे पाठीवर दोन नाड्या आणि त्यांना गोंडे, बाकी सगळी हवा. पोरीने ती आत नेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली ती वर जाकीट घालून.

“अशीच जाईन,” म्हणाली.

“गरब्याला जाकीट? उकडून मरशील!” सून म्हणाली. “आणि आई, तुम्हीच सांगा हिला. सगळ्याच घालतात हल्ली.”

“मग सगळ्याच जाऊ देत. मी नाही जात,” असं म्हणून पोर आत गेली आणि दार लावलं.

सून माझ्याकडे बघते, मी सुनेकडे. खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, वा, पोर शहाणी आहे, अंग झाकायचं कळतंय. पण मग दाराआडून काहीच आवाज येईना. चार वर्षांची असल्यापासून जी पोर ढोल वाजला की पायऱ्या सोडून उड्या मारत खाली जायची, ती जात नाही म्हणते, ही काही शहाणपणाची गोष्ट नाही. ही माघार आहे. मी सुनेला म्हटलं, “तू नको काळजी करू. मी बघते.”

आणि मी जे बघितलं, ते सगळं बिघडवूनच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन रिक्षाने लहरीपुऱ्याला गेले. नवरात्राच्या आधीचा तो बाजार म्हणजे चालायचं नाही, नुसतं वाहत जायचं. चार दुकानं फिरलो. सगळीकडे एकच. दहा वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी फुगे-फुगे लावलेले, बाहुलीसारखे कपडे, ते हिला कोपरापर्यंत येईनात. त्याच्या पुढचं माप मागितलं की एकदम बायकांचं. मधलं काही नाहीच. जणू काही मुली दहाव्या वर्षी झोपतात आणि उठतात त्या लग्नाच्या होऊन.

पाचव्या दुकानात बसलो. दुकानदार मध्यमवयाचा, गोड बोलणारा. “बेन, अत्यारे तो आ ज चाले छे,” सध्या हेच चालतं, असं म्हणत एकामागून एक पाठ उघडी टाकणाऱ्या चोळ्या गादीवर पसरत होता. माझं डोकं तापलं. मी नातीकडे वळले आणि मराठीत, चांगली मोठ्या आवाजात, सुरू झाले. म्हटलं, “याला काही कळतंय का? तू काय आता लहान राहिलीस का? अंग भरायला लागलं, वाढीचं वय, हे असलं तोकडं आणि घट्ट घालून पोर नाचणार कशी? म्हणून तर ते जाकीट काढत नाहीस ना तू? मला सगळं समजतं.”

दुकानदाराने हातातली चोळी खाली ठेवली आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, “आजी, बरोबर आहे तुमचं. माझ्या घरी पण एवढीच मुलगी आहे. ताई, लाजू नकोस गं.”

शेजारी दोन बायका कापड बघत होत्या, त्या वळल्या. एक तर म्हणाली, “हो ना, आमच्याकडेही हाच त्रास.” तीही मराठीत!

अहो, जन्म बडोद्यात गेला. भाजीवाला, टपालवाला, बँकेतला माणूस, सगळ्यांना इथे मराठी कळतं हे मला ठाऊक नाही का? पण आमची सगळ्यांची ही खोडच आहे. दुकानात बसलो की मराठी म्हणजे घरातली भाषा, आपण चार भिंतींत बोलतोय, असं समजायचं. भाव जास्त आहे, कापड फिकं आहे, माणूस लबाड दिसतो, सगळं त्या माणसाच्या तोंडासमोर बोलायचं आणि वर हसून “केम छो” करायचं. आजवर निभावलं होतं. त्या दिवशी माझ्या निष्काळजीपणाची किंमत माझ्या नातीने भरली.

मी वळून पाहिलं तर ती जागेवर नव्हती. बाहेर, रिक्षांच्या रांगेपाशी उभी होती, पाठ माझ्याकडे करून.

रिक्षात ती कडेला सरकून बसली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, “तू सगळ्यांसमोर माझ्याबद्दल बोललीस.”

“अगं, मराठीत बोलले.”

“आजी, इथे सगळ्यांना मराठी येतं!” तिचा आवाज फाटला. “आता मी तिकडे कधी जाणार नाही. गरब्याला पण नाही. कधीच नाही.”

आमच्या घरात मोठ्या माणसाने लहानाची माफी मागायची पद्धत नाही. माझी कुणी मागितली नव्हती, मीही मुलाची मागितली नाही कधी. पण त्या दुपारी मी बसून राहिले आणि मला माझी आई आठवली. मी बारा वर्षांची झाले, आणि एका सकाळी आईने माझे फ्रॉक काढून धाकटीला दिले आणि मला साडी नेसवली. विचारलं नाही, सांगितलं नाही. शिंप्याला घरी बोलावलं आणि माझ्या डोक्यावरून त्याच्याशी बोलली, असं शिवा, इथे सैल ठेवा. मी मध्ये उभी, जशी काही मी खुंटी. पन्नासएक वर्षं झाली, पण त्या शिंप्याच्या कानामागे खोचलेला खडू मला अजून दिसतो. म्हणजे मी मान खाली घालूनसुद्धा उभी नव्हते, कुठेतरी तिसरीकडे बघत होते.

मी उठले, तिचं दार वाजवलं आणि बाहेरूनच म्हटलं, “चुकलं माझं.”

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “काय?”

“चुकलं म्हटलं. असं बोलायला नको होतं. अजिबात नको होतं.”

दार उघडलं. पोर बघतच राहिली, तिलाही सवय नव्हती. मी म्हटलं, “तुला काय घालावंसं वाटतं, ते मला सांग. मी शिवते.”

शिवणं मी कुठे शिकलेली नाही. लग्नानंतर स्वतःचे जुने ब्लाऊज उसवायचे, तुकडे वर्तमानपत्रावर ठेवायचे, तसं कापायचं, असं करत करत जमलं. तिला हे माहीत होतं, म्हणून जरा संशयानेच माझ्याकडे बघितलं. मग वहीतला कागद फाडून तिने चित्र काढलं. वर खांद्यापाशी सपाट पट्टी, पूर्ण बाह्या, बंद गळा, आणि पट्टीखाली चुण्याच चुण्या, पार कमरेच्या खाली.

“हे तर केडियू,” मी म्हटलं. “हे तर पुरुषांचं!”

“त्या दुकानात टांगलेलं होतं. तू बोलत होतीस ना, तेव्हा मी तेच बघत होते.” आणि मग हळूच, “गोल फिरलं की छत्रीसारखं उघडतं. आणि कुठेच चिकटत नाही.”

मी तोंड उघडलं होतं, मुलीच्या जातीने पुरुषांचं कसं घालायचं म्हणून. मिटलं. कारण पोरीने बरोबर शोधलं होतं. छातीच्या वरच पट्टी संपते आणि तिथून कापड मोकळं खाली येतं. अंग झाकलेलंही आणि नाचायला मोकळंही. मी पाच दुकानं पालथी घालून जे विचारत होते, ते समोर खुंटीवर होतं, फक्त मी ते तिच्यासाठी आहे असं बघितलं नव्हतं.

आता माप. मी टेप काढली आणि ती परत आखडली. हात छातीशी आले. मी टेप तिच्या हातात दिली. “तू घे. आत जा, दार लाव. खांदा, छाती, बाही, मुंढा आणि उंची. मुंढा म्हणजे खांद्यावरून काखेतून गोल. कागदावर लिही आणि कागद मला दे. मी तुला बघणार नाही, मी आकडे बघणार.”

कागद आला. आकडे बघून मी गार. सुनेचंही माप एवढं नव्हतं.

“जाकिटावरून घेतलंस?”

तिने जाकिटाची चेन आणखी वर ओढली.

“असू दे. छाती-बिती सैलच आहे, चालेल. पण मुंढा मोठा झाला तर हात वर केला की सगळंच वर येईल. मग झाकून उपयोग काय?”

ती परत आत गेली. दुसरा कागद आला. मी पहिला फाडून टाकला.

कापडाला दोघी पुन्हा लहरीपुऱ्यात गेलो. ती म्हणाली होती ना, तिकडे कधी जाणार नाही? आली. पण अट घातली, आजीने तोंड उघडायचं नाही. कापडाच्या दुकानात मी स्टुलावर बसले आणि पोर गुजरातीत फाडफाड बोलली, अमुक दाखवा, हे नको, सुतीच हवं, रंग जाईल का. दुकानदार मला विचारी, “बा, केटलुं आपुं?” म्हणजे किती देऊ, आणि मी नातीकडे बोट दाखवी. मी असते तर लाल घेतलं असतं. तिने मोरपिशी घेतलं आणि पट्टीला पिवळी आभल्याची लेस. मला एक-दोनदा खोकला आला, तेवढाच.

चार दुपारी शिवलं. चुण्या घालताना ती जवळ येऊन बसायची, दोऱ्याने कापड कसं जमतं ते बघायची. पुढे तिने बटणाच्या जागी दोरीचे फासे मागितले, मागे चेन नको, म्हणजे कुणाला लावायला बोलवायला नको. सुनेने आणलेला चनिया तसाच ठेवला, त्याच्यावर हे केडियू. सून संध्याकाळी आली, हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, “आई, मला पण एक शिवाल का?” मी म्हटलं, “आधी परवानगी घे, डिझाइन तिचं आहे.”

पहिल्या माळेच्या संध्याकाळी ती खोलीतून बाहेर आली. जाकीट अंगात नव्हतं. सुनेने तोंड उघडलं, तशी मी तिला डोळ्यांनी दटावलं. पोर आरशासमोर एकदा गोल फिरली. चुण्या उघडल्या. तिने ओढणी उचलली आणि चपला शोधायला लागली.

खाली आरती झाली. मी बायकांच्या खुर्च्यांत बसले. ढोल सुरू झाला आणि मुलांचं वर्तुळ फिरू लागलं. पहिल्या फेरीत ती जरा जपून होती, कोपरं अंगाशी. दुसऱ्या फेरीत टाळी छातीपर्यंत आली. तिसऱ्या फेरीत मला ती सापडेचना, कारण मी वाकलेली पोर शोधत होते. मग दिसली. सरळ, डोक्यावर टाळी.

मध्येच वर्तुळातून बाहेर पडून धावत आली, घामाने चिंब, आणि ढोलावरून ऐकू जावं म्हणून ओरडलीच, “आजी, डाव्या काखेत ओढतंय!”

आठ-दहा बायकांनी माना वळवल्या. माझाच चेहरा गरम झाला. “अगं, हळू बोल,” मी पुटपुटले.

“का? ओढतंय तर ओढतंय म्हणायचं नाही?” तिने हात वर करून शिवण दाखवली. माप घेताना हात खाली ठेवला होता, दुसरं काय.

“उद्या उसवून सैल करते. आज काढून ठेवायचंय का?”

“वेडी आहेस का?” म्हणाली आणि पळाली. तोवर तिची जागा कुठल्या कुठे पुढे गेली होती. ती त्या जागेमागे धावली नाही, समोर जी फट दिसली तीत शिरली आणि फिरू लागली.