सिंधूबाईंची जीभ

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले, पण सिंधूबाई गेल्याचं त्यांनी आधी सांगितलंच नाही. विचारलं, "काल सकाळी नेमकं काय पोटात गेलं होतं?" मी म्हटलं, "लवकीचा रस. एक गिलास." त्यांनी लगेच विचारलं, "कडू होता?" मी मान डोलावली. मग म्हणाले, त्या गेल्या. बाईंची लेक अश्विनी माझ्या खांद्याला धरून उभी होती, ती तिथेच खाली बसली.

सिंधूबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात बावीस वर्षं आम्ही एकाच चुलीवर स्वयंपाक केला. लग्न होऊन आले तेव्हा पहिला धडा त्यांनीच दिला. लवकी, म्हणजे दुधी भोपळा, असो की काकडी, चिरायच्या आधी देठाकडची चकती कापायची, जिभेला लावायची आणि दाराबाहेर थुंकायची. कडू निघाली तर जनावरालाही घालायची नाही. "मंगले, डोये फसतेत, नाक फसते, जीभ नाई फसत," म्हणायच्या. भूक नसली तर दुपारचं वाढलेलं ताट सरळ झाकून ठेवायच्या. सासूबाई कुरकुरल्या की, "पोट माह्यं हाय, त्यालेच इचारलं मी!"

त्यांच्या या जाणत्या अंगाची मला कधीकधी भीतीही वाटायची. पावसाळ्यात रानात सात्या उगवतात, म्हणजे अळंबी. गावच्या बाया आपापल्या टोपल्या आणून बाईंसमोर ठेवायच्या. एकदा एका टोपलीतल्या सात्या अगदी पांढऱ्याशुभ्र, देखण्या होत्या. बाईंनी एक उचलली, ओठाजवळ नेली आणि एकदम अंग झाडलं. "हे नाई," एवढंच. काऊन नाई, ते त्यांनाही सांगता येईना. आम्ही नाराज होऊन ती टोपली उकिरड्यावर ओतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे आमच्या तीन कोंबड्या मरून पडल्या होत्या. बाई त्यांच्याकडे बघून हात धुवायला निघून गेल्या.

अशी बाई मोबाईलला कशी फसली, हे मला अजून उमगत नाही. म्हणजे उमगतं... त्या घाबरल्या होत्या. तपासणीत शुगर निघाली आणि तिथून व्हिडिओ सुरू झाले. कोणाचे डोळे गेले, कोणाचा पाय कापला, आणि लगेच पांढरा कोट घातलेला एक गोडबोल्या माणूस उपाय सांगायला हजर. पी हळद अन् हो गोरी! भूक लागली तर म्हणे ती खरी भूक नाही. थकवा आला तर तो आळस. बाई ऐकत गेल्या आणि आपल्याच अंगावर त्यांचा विश्वास राहिला नाही. एकदा चक्कर येऊन पायरीवर टेकल्या, तरी म्हणाल्या, "हे घाण बाहेर पडून राह्यली. व्हिडिओत सांगतलं हाय."

त्या सकाळी मांडवावरची लवकी काढून त्यांनी मिक्सरमध्ये फिरवली. चकती चाखली नाही. दोन गिलास भरले, एक माझा. मी घोट घेतला आणि धावत जाऊन दाराबाहेर थुंकले. "बाई, जहर हाय हे! फेका."

त्या हसल्या. "कडूच त औषध असते, पगली." आणि डोळे मिटून गटागटा पेल्या. वर आमच्या बचत गटाच्या बायांसाठी मोबाईलवर बोलून पाठवलं, "बायांनो, लवकीचा रस कडू लागला तरी थुंकू नका. मी पेली, तुमीबी पेजा." अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या, मग रक्त. थुंकायला त्यांनीच शिकवलं म्हणून मी आज आहे. पण मी त्यांच्या हातातला गिलास हिसकावला नाही. मोठ्या होत्या, कसा हिसकावू? हे कारण मी रोज स्वतःला देते आणि ते रोज अपुरं पडतं.

परवा, त्यांना जाऊन सहा आठवडे झाल्यावर, एका अनोळखी नंबरवरून मला बाईंचा तोच आवाज आला. कोणीतरी त्यामागे बासरी लावली होती. खाली लिहिलं होतं, सर्वांना पाठवा. मी त्या नंबरवर फोन लावला. एक तरणी बाई बोलली, चिमूरची. मी विचारलं, "तुम्ही पेल्या काय हो हे?"

"आठ दिवस झाले. त्या बाईंले ओयखता काय? किती दिवस प्याचं, तेवढं इचारून सांगा ना."

"कडू लागला काय?"

"नाई. पण लागला असता तरी पेलीच असती. कित्ती मायेनं सांगून राह्यल्या त्या!"

मी तिला सगळं सांगितलं. मग फोन कटला. मी तशीच मोबाईल तोंडाजवळ धरून बोलले, "बायांनो, हे सांगणारी बाई हेच पिऊन गेली. कडू लागलं की थुंका. कोणी काही म्हणो, थुंका." पाठवण्याआधी एकदा लावून ऐकलं, तर बाईंचाच आवाज. तोच लांबवलेला सूर, 'बायांनो'वरचा तोच जोर. बावीस वर्षं एका चुलीजवळ बसल्यावर बोलणंही सारखं होत असेल, असं मी मनाला समजावत होते, तेवढ्यात आतून अश्विनी धावत आली.

"काकू... आई बोलून राह्यली काय?"

"हो," म्हटलं, आणि पाठवून दिलं.