कानामागचा हात

कॉलेजातल्या माझ्या पहिल्याच भाषणात दुसऱ्या वाक्याला आवाज बसला आणि सगळा हॉल हसला. तेव्हापासून रोज सकाळी मी आमच्या नेरूळच्या मिठागरात जायचो आणि बांधावर उभा राहून भाषण म्हणायचो.

तिथे मीठ ओढणारा एक म्हातारा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचे पाय खाऱ्या पाण्याने चिरलेले असायचे. मी बोलायला लागलो की तो काम थांबवून कानामागे हात धरायचा. नीट ऐकू आलं की हात खाली घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी एक बांध मागे सरकायचा. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो पार खाडीच्या कडेला होता. परत जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाला, "आमचं बोलनं या बांधावरच मरतंय, पोरा. तुजं तरी पल्याड जाव दे."

मला ढाल मिळाली. पुढे सरकारी कामगार कचेरीत नोकरीही लागली.

वर्षभराने मिठागरातली माणसं तक्रार घेऊन आमच्याच कचेरीत आली. मालकाने त्यांना एकाएकी कामावरून काढलं होतं. साहेबांनी विचारलं, "यांच्या वतीने कोण बोलणार?" ती माणसं एकमेकांना पुढे ढकलू लागली. त्यांचे कष्ट मी रोज सकाळी डोळ्यांनी पाहिले होते, पण माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी मान खाली घालून कागदावर रेघा ओढत बसलो.

शेवटी नजर वर गेलीच. मागच्या भिंतीपाशी तो उभा होता, माझ्याकडे बघत, कानामागे हात धरून.